हाराले माणूस पाह्यजे

मी फुलसिंग. आर्णीचा बाजार करून बैलगाडीनं निंगालं का एक चिलीम इझते न इझते तं आमचा तांडा लागते. आमचे आजे-पणजे बैलायच्या पाठीवर मीठ लादून सारा मुलूख फिरले, मंग रेल्वे आली, मोटारी आल्या, मीठ गेलं अन् बैल राह्यले, तवा ते इथंच बसले. बापानं वावर फोडलं ते सारं गोट्याचं, म्हून मी पाटलाच्या घरी सालदार. पाटील म्हणजे तांड्यासकट साऱ्या गावचा मालक. माणूस वाईट नाई, खोटं कायले बोलू, लग्नाकार्यात धोतरजोडी देये, पण त्याच्या समोर नाई म्हणाची सवय कोनालेच नव्हती, मले नव्हती, त्याच्या बैलालेबी नव्हती.

तं काय सांगू तुमाले, आमचा सारा मुलूख बम्मई राज्यात गेला अन् त्याच्या मांगून गावात पंचायत आली. सरपंच निवडाचा. पाटलासमोर कोन उभा राहीन? पण झालं असं का शेजारच्या गावचा पाटील खरी लढत देऊन निवडून आला, गुलाल काय, डफडे काय, अन् आर्णीच्या बाजारात आमच्या पाटलाले म्हणते कसा, तुमी बिनइरोध, म्हणजे कुस्ती न खेळता पहिलवान. झोंबलं ना बापा! पाटील तडक गोठ्यात आला, मी शेण काढून राह्यलो होतो, म्हणे फुलसिंग, तुले माह्या इरोधात उभं राहाचं हाये. माह्या तोंडातून याडी निंगालं, आमच्या बोलीत मायले याडी म्हणतेत. म्हटलं मालक, माही काय चूक झाली? म्हणे चूक नाई रे, हाराले माणूस पाह्यजे.

घरी माही बायको सोनी, तिची जीभ म्हणजे इळा. ती म्हणे उभाच राहतं तं भाषणात इहिरीचं बोल. तांड्यातल्या बाया नाल्यात झिरा खांदत अन् वाटीवाटीनं घागर भरत, चैतात तेबी नाई. मी पाटलाले इचारलं, इहिरीचं बोलू काय? म्हणे बोल ना, इरोधात काईतरी बोलाच लागन, पण जोरानं नको बोलू. तं मी हळूच बोललो. कोनाले आयकू आलं नाई.

मतदानाले सायेब आला. तवा आमच्याकडं पेटी नव्हती, हात वर कराचा. पाटलासाठी हात म्हणताच गाव वर, तांडा वर, सोनीचा वर, माहाबी वर. मंग सायेब म्हणे, फुलसिंगसाठी? एकबी हात वर नाई. सायेब मले म्हणे, अहो, तुमचा सोताचा तरी? म्हटलं मालकानं सांगतलं नाई. पाटील लालभडक झाला, म्हणे अशानं जिंकल्यासारखं वाटते काय, करा रे हात वर! केले ना, साऱ्यायनं पुन्हा केले, एका बहिऱ्या आज्यानं तं दोन्ही केले. सायेबानं मोजलं अन् डोक्याले हात लावला, म्हणे एका हातानं फुलसिंग पुढं. मले रडूच आलं.

मंग सायेबानं कावून सांगतलं, एका माणसाचं एकच मत, पाटलाचे चावडीच्या वट्ट्यावर बसा, फुलसिंगचे खाली उन्हात. वट्टा पुरेना! मीबी चढून राह्यलो होतो, पाटलानंच खाली लोटलं. अन् म्हणे, तांड्याचे सारे तिकडं जा. आमचे लोक हात जोडून म्हणे, मालक, आमचं काय चुकलं? जा म्हटलं ना! गेले बिच्चारे, मले शिव्या देत उन्हात बसले. पाटील जिंकला, गुलाल उडाला, अन् हारल्यावर साऱ्यात जास्त मीच नाचलो.

पुढं सरकारातून एक इहीर मंजूर झाली. आमी गेलो, मालक, तांड्यात द्या. म्हणे तांड्यानं मले मत देल्लं काय? म्हटलं तुमीच तं धाडलं आमाले! म्हणे म्या धाडलं, पण एकानं तरी माघारी यावं का नाई? अन् इमानानं सांगतो, त्याच्या डोळ्यात पाणी, त्याले खरंच लागलं होतं. इहीर गावात झाली. त्या दिवशी सोनीले झिऱ्यावर वाटी घेऊन बसलेली पाह्यलं अन् मले असा राग आला, असा राग आला, का दोन घास पोटात गेले नाई. आता हसून सांगतो म्हून तुमाले मजा वाटते.

अवंदा पुन्हा निवडणूक. आता पेटी हाये, कागद हाये, शिक्का हाये. पाटील गोठ्यात आला, फुलसिंग, उभा राह्य. मी हो म्हणाले तोंड उघडलं, तं मांगून सोनी पदर खोचून आली. म्हणे मालक, पहिले तांड्यात इहीर खांदा, मंग हारते माहा नवरा, तुमी म्हणसाल तितक्या मतायनं. नाईतर तो बिमार हाये. पाटील पाय आपटत निंगाला. मंग घरोघर फिरला, बाप्पा, कोनी माह्या इरोधात उभं राहता काय म्हून, पण कोनाची छाती होते! अन् तिकडं शेजारचा पाटील बाजारात मिशीले पीळ देऊनच राह्यला होता.

तो दणका आयकला ना आता? सुरुंग हाये, आमच्याच तांड्यातल्या इहिरीचा. काल ओली माती लागली, बायायनं तिले हळदकुंकू वाह्यलं. निवडून पाटीलच येईन, ते मलेबी ठाऊक अन् तुमालेबी ठाऊक. देव त्याले शंभर वर्ष देवो, अन् दर निवडणुकीले अशीच खुमखुमी देवो. आमाले रस्ताबी पाह्यजे.