सांगायचं कोणी

मी, वय ४१ वर्षे, धंदा परिचारिकेची नोकरी, राहणार रुग्णालयामागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला. घरी पती, सासूबाई व शाळेत जाणारी मुलगी. वॉर्डात मला सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारले त्याप्रमाणे सांगते की,

मी बायकांच्या सर्जरी वॉर्डात सकाळच्या पाळीला असते. खिडकीजवळच्या खाटेवर शिवणकाम करणारी एक तरुण मुलगी दाखल होती. अपेंडिक्स फुटल्याने तिचे ऑपरेशन झाले होते. ताप उतरला होता, ती धरून धरून चालू लागली होती. तिला आईवडील नाहीत. थोरला भाऊ शाळेची बस चालवतो, तोच सगळे बघत होता. माझा गणवेश पाठीत ढगळ आहे, तो ज्याने शिवला त्या शिंप्याला आधी शोधून काढते, असे ती मला रोज म्हणायची.

आज दुपारी माझी पाळी संपत आली असता तिला अचानक धाप लागली. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हाक मारली. खाटेभोवती पडदा ओढला. छाती दाबली, नळी घातली, करायचे ते सर्व केले. ती वाचली नाही. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असावी, असे डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात त्यांना ऑपरेशन थिएटरमधून तातडीचे बोलावणे आले व ते हातमोजे काढत काढतच गेले.

आमच्याकडे मृत्यूची बातमी डॉक्टरांनीच द्यायची असा नियम आहे. सिस्टरने "डॉक्टर सांगतील" एवढेच म्हणायचे. भाऊ हजर नव्हता, तेव्हा त्याला सिस्टर फोन करून बोलावतील असे डॉक्टरांना वाटले. हे मला नंतर कळले. डॉक्टर फोन करूनच थिएटरात गेले असतील असे मला वाटले. कागदपत्रे उरकून मी दुपारच्या पाळीच्या सिस्टरला काम समजावून देत होते. तिने विचारले, "घरच्यांना कळलंय ना?" मी म्हणाले, "कळलं असेल." हे मी म्हणाले, तेही लिहून घ्यावे.

त्याच वेळी भाऊ जिना चढून आला. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी होती. सकाळी डॉक्टरांनी त्याला एका इंजेक्शनची चिठ्ठी दिली होती. ते आता आणू नका, हे त्याला कळवायचे कोणाच्याच डोक्यात आले नाही. मुलांना घरोघरी सोडून, दोन-तीन दुकाने पालथी घालून तो आला होता. त्याचा चेहरा बघताच कळले की याला कोणी काही सांगितलेले नाही.

"सिस्टर, मिळालं एकदाचं," तो म्हणाला. "थंडच ठेवा म्हणालाय दुकानदार."

मी पिशवी हातात घेतली. "ठेवते फ्रिजमध्ये," म्हणाले आणि खरोखरच नेऊन ठेवली. असे का केले, ते मला अजून सांगता येत नाही.

"पडदा का लावलाय?" त्याने विचारले.

"चादर बदलतायत. तुम्ही बाकावर बसा. डॉक्टर सांगतील."

"काय सांगतील?"

दुपारच्या सिस्टरने थिएटरात फोन लावला. डॉक्टरांचे ऑपरेशन चालू होते, त्याला थांबवून ठेवा असा निरोप आला. मी पर्स घ्यायला ड्रेसिंगच्या खोलीत गेले. खरे तर पर्सची घाई नव्हती. मला त्याच्या नजरेसमोरून हटायचे होते.

तो माझ्या मागोमाग आत आला व त्याने कडी लावली. खोली लहान आहे. दुसरे दार नाही, खिडकीला जाळी आहे. आमच्या दोघांमध्ये ड्रेसिंगची ट्रॉली होती, तिच्यावर कात्र्या, चिमटे, स्पिरिटची बाटली. त्याच्या हातात बहिणीच्या चपला होत्या. वॉर्डातल्या मावशींनी खाटेखालचे सामान आवरून त्याच्या बाकाजवळ आणून ठेवले होते. त्यांनाही वाटले, याला माहीत असेल.

"या बाहेर का ठेवल्या?" तो म्हणाला. "तिला संडासला जाताना लागतात."

मी त्याच्यामागच्या कडीकडे बघितले.

"मला कोणी काही सांगत नाहीये. याला विचारा, त्याला विचारा. आता तुम्ही सांगा. सांगितल्याशिवाय मी दार उघडणार नाही."

माझी पाचावर धारण बसली. पूर्वी दुसऱ्या वॉर्डात चिडलेल्या नातेवाइकांनी एका डॉक्टरांचा हात मोडला होता, ते आठवले. सकाळी घाईत मुलीची वेणी घातली नव्हती, तेही आठवले. बाहेरून रखवालदार दारावर लाथा मारू लागले. प्रत्येक लाथेला आम्ही दोघेही दचकत होतो. मी पुन्हा "डॉक्टर..." एवढेच म्हणाले आणि त्याने ट्रॉलीवर हात आपटला. ट्रे उलटला. मी मागे सरले तसे माझे कोपर कपाटाच्या काचेत गेले. माझ्या हातावरची जखम त्या काचेची आहे. कात्र्या जमिनीवर पडल्या होत्या. त्याने त्यातली एकही उचलली नाही. त्याने मला बोटही लावले नाही.

वाईट बातमी कशी सांगावी, याचे आम्हाला एकदा सभागृहात प्रशिक्षण दिले होते. माणसाला आधी बसवा, साध्या शब्दांत सांगा, आडवळणे घेऊ नका, मग गप्प राहा. जोड्या लावून नाटक करायचे होते. मी नातेवाईक झाले होते, आणि रडायच्या जागी मला हसू फुटले होते. त्यावरून वॉर्डात मला पुष्कळ दिवस चिडवत होते. ड्रेसिंगच्या खोलीत एकच स्टूल आहे. मी कापलेले कोपर दाबून धरले होते, म्हणून ते पायाने त्याच्याकडे सरकवले.

"दादा, बसा. तुमची बहीण गेली. दुपारीच गेली. आम्ही खूप प्रयत्न केले. तुम्ही पिशवी दिलीत तेव्हाच मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

तो बसला. चपला मांडीवर घेतल्या.

"मग मी आणलं ते?"

"फ्रिजमध्ये आहे."

मग त्याने विचारले, "शेवटी काही बोलली का?" मी तोंड उघडले आणि तेवढ्यात दाराची कडी तुटली. रखवालदारांनी त्याला मानेला धरून ओढत नेले. तो वळून वळून माझ्याकडे बघत होता.

त्यानंतर रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी मला खोलीत बोलावून तक्रारीचा टाइप केलेला कागद पुढे ठेवला. भावाने कात्रीने माझ्यावर वार केला, असे त्यात आहे. नातेवाइकांना वेळीच कळवले होते, असेही आहे. "सही करा, तुमच्याच भल्याचं आहे," ते म्हणाले. "नाहीतर कळवलं का नाही, हे तुमच्यावरच शेकेल." पतींना फोन केला. तेही म्हणाले, "देऊन टाक सही. आपण कशाला विस्तवात हात घालायचा?" मी सही केली नाही. व्यवस्थापक आत्ता ठाण्याबाहेर गाडीत बसून आहेत. मला त्यांची भीती वाटते. उद्या कामावर जायची भीती वाटते. मी काही धीट बाई नाही. पण वार झालेला नाही, आणि त्या खोटेपणासाठी त्याने तुरुंगात जावे हे मला सहन होणार नाही. दार त्याने बंद केले, हे खरे आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

पुढचा मजकूर जबाबात लागत नाही, असे हवालदार साहेबांनी मला सांगितले. तो लिहावा अशी मी विनंती केली. भावाला शेजारच्या खोलीत बसवले आहे व मधले दार उघडे आहे. मला त्याच्याशी बोलू देत नाहीत.

दुपारी मुलांना आणायला बस घेऊन शाळेकडे जाताना तो रोज रुग्णालयाखाली दोनदा हॉर्न वाजवायचा. रखवालदार त्याच्या नावाने शंख करायचे. आजही हॉर्न वाजला. तेव्हा तिला धाप लागलेली नव्हती. ती उशीला टेकून बसली होती. हसली आणि मला म्हणाली, "आला बघा आमचा भोंगा. सिस्टर, त्याला म्हणावं, वर येण्याआधी जेवून घे. माझ्यापायी उपाशी हिंडतो वेडा." त्यानंतर ती काही बोलली नाही. तिला त्रास फार वेळ झाला नाही. मी पहिल्यापासून तिच्याजवळ होते. ती एकटी नव्हती.

हा जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे. तो मला वाचून दाखवला. मी तो आणखी एकदा, मोठ्या आवाजात वाचायला सांगितला व साहेबांनी तसा वाचला. शेजारच्या खोलीतून, "शेवटचं परत वाचा," असे ऐकू आले. तेवढे परत वाचले. जबाब बरोबर आहे.