तीन गाठींची ओटी

...न्हाय न्हाय, हसा तुमी, पण आधी एक सांगा, बायकोनं तळ्यात सोडलेली ओटी आठ वर्सांनी तळातनं जशीच्या तशी निघाली, कुकू कोरडं, तांदूळ कोरडं, सुपारीला साधा भुंगा न्हाय, तर तुमी पेढे वाटताल का अंथरूण धरताल? म्या धरलं. कारण कुजायची न्हाय ही गॅरंटी म्याच दिली व्हती!

तुमाला सांगतो, ह्यो आमचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळात आमीच खांदला, सरकारनं दिल्याली सुकडी खाऊन. पयल्यांदा सांडव्यावरनं पाणी गेलं तवा गावच्या बायांनी तळ्याची ओटी भरली, खण, तांदूळ, सुपारी, हळदकुकू... मग दर सालची रीतच पडली. आता पाण्याला काय कळतंय? एका साली धुरपदाबाईचा खण तरंगत तरंगत परत तिच्याच पायापाशी आला. बाई माझ्याकडं आली. "तळ्यानं माझी ओटी नाकारली वो रामलिंगअप्पा." आन् रामलिंगअप्पा, म्हंजी म्या, सोसायटीच्या गोदामावर युरियाची पोती उतरून घेणारा, मला लई अक्कल! पोत्याच्या आत प्लास्टिकची पिशवी असती का न्हाय? म्हणलं, ती धुवा, कापा, ओटी आत घाला, संगं एक दगड टाका, दिव्याच्या ज्योतीवर कडा चिकटवा, की गेली थेट तळाला. भिजायची न्हाय, तरंगायची न्हाय, कुजायची न्हाय. गॅरंटी! चेअरमन सिद्रामप्पांनी पाठ थोपटली, म्हणले, रामलिंग, आसलं डोस्कं जिल्ह्यात न्हाय. आन् म्या बी फुगलो की वो!

पयली पिशवी आमच्या इरम्मानं सोडली, आमच्या मंडळीनं. कडा चिकटवल्या, तरी वरनं हिरव्या दोऱ्याच्या तीन गाठी. माझ्या गॅरंटीवर घरातच इश्वास न्हवता! म्या इचारलं, काय मागितलंस? तर म्हणली, "तुमच्यासाठीच मागितलंय. पोचलं की कळंल तुमाला."

चार वर्सांनी ती गेली. साधा ताप. आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत, बसवून पुरत्यात, तळ्याखालच्या आमच्या रानातच तिला बसवली. रडू आवरंना, पण मनाला म्हणलं, जाऊ दे, मागणं तरी पोचलं असंल.

आन् मग पुन्हा दुष्काळ. तळं आटलं, तळाला भेगा पडल्या, रोजगार हमीवर सगळं गाव गाळ काढायला. म्या बी. कुदळ मारावी तिथं पिशवी! कडंला उन्हात पडल्याल्या हातात घेतल्या की पापडावानी चुरा, मोहरीएवढा, खसखशीएवढा, फुकला तर उडतोय, पण नाहीसा कुठं व्हतोय? गाळात कालवला गेला. खोल गाडल्याल्या मात्र साबूत, एकीवर एक, ओळखू येत व्हत्या कुणाच्या ते. धुरपदाबाई आपली पिशवी मांडीवर घेऊन कोरड्या तळ्यात बसली. वरडली न्हाय, भांडली न्हाय. निसतं म्हणली, "म्हंजी एकबी पोचली न्हाय का वो, अप्पा?"

गॅरंटी म्याच दिली व्हती!

सांजच्याला माझ्या कुदळीला हिरवा दोरा लागला. तीन गाठी. चिखल पुसला तर आतनं कुकू लालभडक...

पिशवी पंच्यात गुंडाळून घरी आणली. आन् आमची खोड बघा, गाळ म्हंजी काळं सोनं, सोडतंय कोण? सगळ्यांनी गाड्या भरून रानात पसरला. म्या बी पसरला. इरम्मा जिथं बसलीया त्याच रानात! आता सकाळचं तिरपं ऊन पडलं की ढेकळं चमकत्यात. तिची माती झाली, पार झाली, ज्वारी आली तिच्यावर. आन् तिच्या उशाला माझी गॅरंटी चमकतीया. म्या बसून एकएक कण येचतो. जाणारा येणारा इचारतो, काय येचायलाव अप्पा? म्हणतो, खडं. विहिरीचं पाणी गाळलं तरी फडक्यावर तीच चमचम. म्हंजी आता पोटात बी असंल. असंलच की!

ती पिशवी देवळीत हाय. जेवताना माझ्याकडं बघती, निजताना बघती. सोडवावी तर गाठी तिच्या हातच्या. जाळावी तर ओटी जाळत्यात का कुठं? तळ्यात सोडावी तर पुन्हा तेच. आन् तिच्याजवळ पुरावी तर ती काय इचारंल, ठावं हाय मला... मागणं पोचवायला आठ वर्सं लागली व्हय वो, आन् आणलंत कुठं, तर परत माझ्याकडंच?

तवा पोरांना सांगून ठिवलंय. मला बी तिथंच बसवा. डाव्या हातात इष्टलिंग असतंय आमच्यात, उजवा रिकामाच असतोय, त्यात ती पिशवी द्या. पोरं म्हणली, अप्पा, त्यानं काय व्हणार? म्हणलं, काय न्हाय रं. म्या कुजून जाईन, हात कुजंल, पिशवी तशीच वाट बघत बसंल कुणी घ्यायला येतंय का... किती बी येळ लागू द्या, तिला काय व्हत न्हाय.

गॅरंटी म्याच दिलीया.