नारळ दोन, गाडी एक

मंडळी, देवळात शिरताना चपला कुठं ठेवल्या? बाहेर! बरोबर. आता पुढं बसलेल्या बाळगोपाळांनो, मला सांगा – दुसऱ्याच्या दारी मागायला जायचं, तेव्हा बाहेर काय ठेवावं? असू द्या. गोष्ट ऐका, उत्तर आपोआप सापडेल.

आंबेखोरे नावाचं एक गाव. शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा घाट उतरून, रानातल्या वाटेनं. एसटीची गाडी नाही! तिथली रेवती सातवी पास झाली. बाप म्हणाला, "जूनपर्यंत गाडी सुरू झाली तर शाळा. नाही तर स्थळ बघतो." बाप वाईट नव्हता हो – रानाला भ्याला होता.

रेवतीची आई तानूबाई. डेपोत गाडीसाठी अर्ज देऊन दमली. मग उन्हाळा आला आणि बायकांनी काय केलं असेल? पापड लाटले! आणि वाळत घातले कुठं? मोठ्या फाट्यावर, भर डांबरी रस्त्यात! आता अन्नावर चाक कोण घालणार? ड्रायव्हर उतरले, हात जोडले, "मावशी, उचला ना!"

"वाळले की उचलू. तुमच्या साहेबांना सांगा, आंबेखोऱ्यात गाडी येत नाही तोवर ऊन कमीच पडणार!"

मग काय! पुढारी धावले. सत्तेतले भाऊसाहेब पक्षाच्या उपरण्यांचा गठ्ठा घेऊनच आले. "ताई, हे सगळ्यांच्या गळ्यात घाला. गाडी मी आणतो."

"भाऊसाहेब, उपरणं घातलं तर वरच्या आळीतल्या दुसऱ्या पक्षाच्या बाया उठून जातील. मग पापड कोण लाटणार?"

भाऊसाहेब हळूच म्हणाले, "अहो, मलाही वर काही दाखवावं लागतं ना!" – खरंच होतं बिचाऱ्याचं.

दुपारी विरोधातले अण्णा आले. "शाब्बास! पण घाई नको. निवडणुकीपर्यंत तापू द्या."

तानूबाई म्हणाली, "अण्णा, आंदोलन तापेल हो! पण तोवर पोरगी बोहल्यावर चढेल, त्याचं काय?"

अण्णांनाही लेक होती.

दुसऱ्या दिवशी तानूबाई दोघांच्याही दारी गेली. बायका चिडल्या, "त्यांचे उंबरे कशाला झिजवतेस?" ती म्हणाली, "रस्ता आपण अडवला, पण गाडी सोडायचा कागद त्यांच्या ओळखीतून हलतो." भाऊसाहेबांना म्हणाली, "वर शब्द टाका. पहिल्या गाडीचा नारळ तुमच्या हातचा." अण्णांना म्हणाली, "सभेत आमचा प्रश्न विचारा. पहिल्या गाडीचा नारळ तुमच्या हातचा."

हं! ते कोपऱ्यातलं पोरगं हसलं बघा! त्याला कळलं पुढं काय होणार!

अण्णांनी सभेत आवाज उठवला, भाऊसाहेबांनी वर शब्द टाकला, आणि जूनमध्ये गाडी आली. हार, हलगी, सगळं! गाडीपुढं दोघे उभे. दोघांच्या हातात नारळ!

"मला शब्द दिलाय!"

"मलाही दिलाय!"

कार्यकर्ते बाह्या सरसावू लागले. ड्रायव्हर वैतागला, "भांडण मिटत नसेल तर रिकामी गाडी परत नेतो!" रेवतीचा बाप गर्दीत उभा. त्यानं पोरीचं दप्तर घट्ट धरलं – पाय घराकडे वळलेच होते त्याचे!

तानूबाई पुढं झाली. "अहो, भांडता कशाला? गाडीला पुढची चाकं किती? दोन! भाऊसाहेब उजव्या चाकाशी, अण्णा डाव्या चाकाशी. दोघांनाही शब्द दिलाय, दोघांचाही पाळते!"

फाट! फाट! फोटो निघाले. दोघेही खूश.

शेजारीण कुरकुरली, "तानू, तुझं नाव कुणी घेतलं का गं?"

तानूबाईनं खिडकीकडे बोट केलं. आत रेवती बसली होती, आणि बाप खालून दप्तर तिच्या हातात देत होता. "माझं नाव? ते बघ, निघालं शाळेला!"

सापडलं का उत्तर, बाळांनो? म्हणा माझ्यामागं – मान ठेवी दारी, मागणी ठेवी उरी! उलटं केलं की घात. मागणी दारात विसरतो आणि मान मिरवत परत येतो.

आणि मोठ्यांनो, तुम्ही हसलात ना पुढाऱ्यांना? मग आपल्या वेशीजवळची नवी टाकी का कोरडी? पाटीवर आधी कुणाचं नाव, यावरून! तिची फीत वाऱ्यावर फडफडतेय, आणि ही पुढं बसलेली लेकरं विहिरीवरून कळशा आणतायत.

आता चपला घालायला बाहेर जाल. तेवढा मान मात्र इथंच, देवाच्या पायाशी ठेवून जा. तो सांभाळेल. उद्या सकाळी टाकीपाशी या. फीत यांच्यातलंच एखादं लेकरू कापेल!