उघाडीचं कुलूप

(१९८४. पेणच्या खाडीकाठचं गाव. पोलीसपाटील दिनानाथ यांची पडवी.)

दिनानाथ : पोलिसांना चारित्र्याचा दाखला, एवढंच ना? मग लिहितो की. 'सदर इसमाविरुद्ध कसलाही गुन्हा नाही.' सही, शिक्का, काम फत्ते. तू खडकवासल्याला जा, फौजेत सायेब हो.

रघू : असं नको, काका. खरं लिहा. माझ्यावर केस झाली, पेणच्या कोर्टात दंड झाला.

पुतळी : गप रे मेल्या! पाटील आपल्या तोंडानं नाय म्हणतात, नि ह्यालाच भारी हौस!

रघू : आये, फॉर्मात सरळ विचारलंय, कधी दंड झाला का. मी 'होय' लिहिलंय. उद्या खोटं उघडं पडलं तर ट्रेनिंगमधून हाकलतील.

पुतळी : नि खरं लिवून दारातनंच हाकलला मंजे? लेखी पास झालास, भोपाळला पाच दिस मुलाखत देऊन आलास. सगळं त्या कुलपापायी घालवणार?

दिनानाथ : आई शहाणी हाय तुझी. ऐक तिचं.

रघू : नुसतं 'कुलूप तोडलं' लिहिलंत तर हाकलतील. का तोडलं, तेपण लिहा.

दिनानाथ : का म्हंजे? बांधातल्या पाण्याच्या दाराचं, उघाडीचं, कुलूप सरकारी. लोक मच्छी धरायला फळ्या काढायचे, म्हणून लावलेलं.

रघू : मी मच्छी धरायला गेलो होतो?

दिनानाथ : तसं कुठं म्हटलं मी?

रघू : तीन दिवस पावसाचं पाणी शेतात कोंडलं होतं. भात कुजायला लागलं होतं. ओहोटी लागली, फळ्या काढल्या की पाणी खाडीत जाणार. नि किल्ली तुमच्याकडं.

पुतळी : तीनदा आले मी ह्या दारात. हौसावयनी म्हणाल्या, रोह्याजवळ वरसे गावी गेलेत, लेकीकडं, नातीचं बारसं हाय.

दिनानाथ : हो, गेलो होतो. पहिली नात माझी.

रघू : पण तक्रारीत लिहिलंत, 'पाटील गावात हजर असताना खोडसाळपणे तोडलं.'

दिनानाथ : गाव सोडायची परवानगी घेतली नव्हती रे! मामलेदारानं पाटीलकी काढली असती. घाबरलो मी.

पुतळी : घाबरलात तुमी, नि कोर्टात उभा ऱ्हायला माझा पोर! तुमचं भात नव्हतं त्या पाण्यात? ह्यानं वाचवलेलंच खाल्लंत ना वरीसभर?

रघू : आये, भांडायला नाय आलो आपण.

दिनानाथ : मग कोर्टात बोलला का नाहीस?

रघू : विचारलं, कुलूप तू तोडलंस? म्हटलं, व्हय. पुढं कोणी काही विचारलंच नाही.

दिनानाथ : संध्याकाळी आलो तेव्हा फळ्या जागच्या जागी होत्या. भरतीच्या आत लावल्यास. खारं पाणी थेंबभर आत आलं नाय.

रघू : तेवढं लिहा मग.

दिनानाथ : तेवढं लिहिलं की विचारतील, पाटील कुठं होता?

रघू : विचारतील.

दिनानाथ : पाटीलकीची दोनच वर्षं उरलीत माझी, रघू.

रघू : कळतंय, काका. पण उद्या दुपारपर्यंत कागद पेणच्या ठाण्यात द्यायचाय. तुम्ही काहीही लिहा, माझा 'होय' मी खोडणार नाही.

पुतळी : नाय ऐकायचा. बापावर गेलाय.

दिनानाथ : हौसा! चष्मा आण गो माझा! ... हं, सांग. 'कुलूप तोडले, हे खरे.' पुढं?

रघू : 'कारण किल्ली मिळाली नाही.'

दिनानाथ : थांब. तसं नाय. 'कारण किल्ली खिशात घालून पोलीसपाटील विनापरवाना वरसे येथे गेला होता. तक्रार खोटी दिली.'

पुतळी : पाटील... तुमची पाटीलकी?

दिनानाथ : तो शिक्का दे गो इकडं. शेवटचा असला तर नीट उमटू दे.