पिकअपच्या क्राऊनमध्ये ऑइल कोणी भरलं

मी, गॅरेजवाली आक्का, वय बासष्ट, धंदा मुलाच्या गॅरेजात गल्ल्यावर बसणं आणि सामान काढून देणं, राहणार त्याच गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, आपण ज्याला काल धरून आणलं तो मिस्त्री माझा मुलगा आहे आणि त्याच्याविरुद्ध जिने तक्रार दिली ती माझी मुलगी आहे. जखमी पिकअपवाला तिचा नवरा, म्हणजे माझा जावई. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे आणि तो अजून शुद्धीवर नाही. मी कोणाच्या बाजूने आले, असं हवालदारांनी मला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारू नये.

तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. तीत असं आहे की, माझ्या मुलाने राग मनात धरून जावयाच्या गाडीत मुद्दाम चुकीचं ऑइल भरलं, त्यामुळे टेकडीच्या उतारावर मागची चाकं जाम झाली आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडीत लाल ऑइल निघालं आणि त्याचा उघडा डबा आमच्या गॅरेजात सापडला, हे खरं आहे. डबा आमचाच आहे.

राग होता, हेही खरं आहे. जावई गाडीत फरश्या भरतो आणि झेपेल त्याच्या दीडपट भरतो. त्यावरून दोघांची नेहमी जुंपायची. गेल्या आठवड्यात चार गिऱ्हाइकांसमोर जावई म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही पाने फिरवा, गाडी चालवायची अक्कल मला आहे." त्यावर मुलगा म्हणाला, "दाजी, ही गाडीच एक दिवस तुम्हाला रस्त्यावर झोपवील." हे त्याने म्हटलं. मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. मी ते लपवणार नाही. पण तोंडाने फटकळ असलेल्या प्रत्येक माणसाला आत टाकायचं ठरवलं, तर पहिला नंबर माझा लागेल. हवालदार म्हणाले, "आक्का, मुद्द्याचं बोला." मी हाच मुद्दा आहे असं सांगितलं आणि लिहायला लावलं.

परवा सकाळी जावयाने गाडी आणली. मागून घुरघुर आवाज येत होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याला आम्ही क्राऊन म्हणतो. इंजिनाचा जोर त्यातल्या दात्यांवरून चाकांकडे वळतो. मुलाने खालचा बोल्ट काढून ऑइल सोडलं, तर त्यात लोखंडाची चकचकीत कणी होती. ऑइल जळून काळं पडलं होतं. त्याने आतून धुऊन काढलं आणि खालचा बोल्ट पुन्हा घट्ट केला. नवं ऑइल मात्र भरता आलं नाही, कारण क्राऊनला चालणारं ऑइल संपलं होतं.

इथे लोक फसतात, म्हणून स्पष्ट सांगते. गिअरबॉक्सला लागतं तेही गिअर ऑइल आणि क्राऊनला लागतं तेही गिअर ऑइलच, दोन्हींवर नव्वद नंबर असतो. पण क्राऊनचे दाते एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जास्त ताकदीचं लागतं. त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा नाकात बसला की जात नाही. तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये टाकलं तर काही गाड्यांतल्या पितळी रिंगा खातं. म्हणून आमच्याकडे दोन्ही डबे वेगळे ठेवतात आणि मी वास घेतल्याशिवाय एकही देत नाही. मुलगा यावरून मला हसतो, पण डबा हातात घेतला की तोही नाकाशी नेतो.

गिअरबॉक्सचं ऑइल कपाटात शिल्लक होतं. दुसऱ्या कोणी तेच ओतून गाडी दिली असती. मुलगा म्हणाला, "दाजी भरतात ते वजन बघता हे टिकायचं नाही. मी बाजारातून आणतो." त्याने गाडीच्या स्टिअरिंगला फडकं बांधलं. फडकं बांधलेल्या गाडीला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे. मग तो मोटरसायकल घेऊन गेला.

तो गेल्यावर थोड्या वेळाने जावई आला. फरश्या आधीच भरलेल्या होत्या आणि कामावरचा मुकादम फोनवर फोन करत होता. त्याने विचारलं, "आई, झाली का गाडी?" मी सांगितलं, "जावईबापू, क्राऊन रिकामा आहे, तो ऑइल आणायला गेलाय. तासभर बसा, चहा टाकते." तो म्हणाला, "तासाभरात ते गवंडी काम सोडून जातील. कपाटातलं द्या की. ऑइल ते ऑइल, गाडीला काय चव कळते?" कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मी दिली नाही. तो दोनदा म्हणाला, मी दोनदा नाही म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. मग हसून म्हणाला, "बरं, चहा टाका." मी आत गेले.

इंजिनाचा आवाज आला तेव्हा दूध गॅसवर होतं. बाहेर येईपर्यंत गाडी वळणावर होती. फडकं जमिनीवर पडलं होतं. पॉवर स्टिअरिंगच्या लाल ऑइलचा डबा मुलाने सकाळी दुसऱ्या गाडीसाठी उघडला होता. तो फळीवर नव्हता, पिकअप उभी होती त्या जागी पडला होता. ते ऑइल पाण्यासारखं पातळ असतं, क्राऊनमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. मी जावयाला फोन लावला, पुन्हा लावला, लावतच राहिले. गाडी चालवताना तो फोन घेत नाही. ही चांगली सवय त्याला मीच लावली होती.

मुलगा परत आला. मी सगळं सांगितलं. तो मला एवढंच म्हणाला, "आई, किल्ली द्यायची होतीस. त्या ऑइलवर दाजी निदान पोचले तरी असते." हातातला नव्या ऑइलचा डबा त्याने खालीसुद्धा ठेवला नाही. तो दोन पायांमध्ये धरून मोटरसायकलवर तसाच जावयाच्या मागे गेला. अपघाताच्या जागी मिस्त्री इतक्या लवकर कसा पोचला, असा आपला संशय आहे. तो असा पोचला. चढावर आतले दाते तापले असणार आणि उताराला लागल्यावर एकमेकांत जाम झाले असणार. हे मुलाचं म्हणणं आहे, मी तिथे नव्हते. दरवाजा वाकवून जावयाला बाहेर कोणी काढलं, हे तिथल्या लोकांना विचारावं.

जावयाने ऑइल ओतताना मी पाहिलं का, असं हवालदारांनी विचारलं. मी पाहिलं नाही. शेजारचा पंक्चरवाला आज निघताना मला म्हणाला, "आक्का, पाहिलं म्हणा. एका वाक्यात पोरगा सुटेल." मला एक मुलगा आहे आणि तो आतल्या खोलीत बसला आहे, तरी न पाहिलेलं पाहिलं असं मी म्हणणार नाही.

जे पाहिलं ते सांगते. दवाखान्यात नर्सने जावयाचे कपडे पिशवीत घालून आमच्याकडे दिले. शर्टाची उजवी बाही कोपरापासून खांद्यापर्यंत लाल होती. मुलीने तो शर्ट काढून घेतला आणि बाही गालाला लावून रडत बसली. मी तिला जवळ घेतलं तेव्हा मला वास आला. मार लागला तो पायाला आणि बरगड्यांना, हाताला खरचटलंही नव्हतं. बाहीवर रक्त नव्हतं, स्टिअरिंगचं ऑइल होतं. गाडीखाली उताणं पडून क्राऊनमध्ये ऑइल भरताना नळी निसटली की ते असंच दंडावर ओघळतं. माझ्या मुलाचे त्या दिवशीचे कपडे मी धुतलेले नाहीत. त्यांवर काळं ऑइल आहे, लाल नाही. तेही घेऊन जावेत.

मुलगी तेव्हा एकच विचारत होती, "आई, दादाने असं का केलं?" मी तिला थोपटून झोपवलं. ती झोपल्यावर शर्ट पिशवीत परत ठेवला. तो आज आणला आहे आणि आपल्या टेबलावर ठेवला आहे. शंका असेल त्याने वास घेऊन बघावा.

जावई माझ्या मुलीला जपतो. तो उतावळा आहे, पण खोटारडा नाही. शुद्धीवर आला की त्यालाच विचारावं, तो हेच सांगेल, आणि तो शुद्धीवर यावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला आहे. किल्ली दिली असती तर तो आज घरी असता. मी बरोबर तेच केलं, हे मला माहीत आहे. तेवढ्याने झोप येत नाही.

हा जबाब मला वाचून दाखवताना दार उघडं ठेवावं आणि मोठ्याने वाचावं, असं मी सांगितलं, कारण मुलगी बाहेर बाकावर बसली होती. हवालदारांनी तसं केलं. मजकूर मी सांगितला तसाच आहे, कमीजास्त नाही. वाचून संपायच्या आत मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिने शर्टाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "दवाखान्यात सांगितलं का नाहीस?" मी उत्तर दिलं. ते उत्तर आमच्या दोघींतलं आहे, ते लिहू नये असं मी हवालदारांना सांगितलं.

त्यानंतर तिने हवालदारांना विचारलं, "दादाने कालपासून काही खाल्लंय का?" हे मात्र लिहा, असं मी सांगितलं. ते लिहिल्यावर सही केली.