सरांचा गुणक

(जेवणाच्या टेबलावर एक जुनी वही, विद्यार्थिनीचा प्रबंध आणि प्रयोगशाळेतून परत आणलेला, घडी घातलेला काळा पडदा.)

पत्नी : पण हा पडदा मी कधी शिवला, याचा त्या मुलीच्या प्रबंधाशी संबंध काय?

प्राध्यापक : आधी काळ निश्चित कर. मग संबंध सांगतो.

पत्नी : धाकटीचा हात प्लास्टरमध्ये होता, त्या सुट्टीत. माझा चांगला काळा कोट उसवायला लावलात, तेही आठवतंय.

प्राध्यापक : माझा शोधनिबंध तेव्हा छापून आला होता?

पत्नी : आला होता की! त्याच्याच कोऱ्या पाठीवर तिनं डाव्या हातानं मांजर काढलं. दोन दिवस बोलला नाहीत तुम्ही तिच्याशी.

प्राध्यापक : म्हणजे मोजमाप पडद्याच्या आधीचं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू असताना घेतलेलं.

पत्नी : त्यानं काय बिघडतं?

प्राध्यापक : सिलिकॉनवर उजेड पडला, की त्यातून जास्तीचा प्रवाह वाहतो. तो मी त्यावर चढवलेल्या माझ्या नव्या थराचा गुण समजलो. पुढे पडदा लावून, दिवा विझवून मोजलं, तर प्रवाह निम्मा झाला, तेव्हा म्हणालो, सिलिकॉनचा तुकडा जुना झाला. आणि प्रत्येक आकड्याला दोनानं गुणायचा नियम घालून दिला.

पत्नी : तोच का 'सरांचा गुणक'? मुलं परीक्षेत लिहितात तो?

प्राध्यापक : सव्वीस वर्षं लिहिताहेत.

पत्नी : म्हणजे दिवा विझवलात, पण गणितात तो चालूच ठेवलात.

प्राध्यापक : इतक्या नेमकेपणानं मला मांडता आलं नसतं.

पत्नी : आणि या मुलीनं काय केलं?

प्राध्यापक : अंधारात मोजलं आणि गुणलं नाही. प्रबंध मी दोनदा परत पाठवला. उद्या मुदत संपते. माझी सही नसेल, तर तिची पाच वर्षं वाया.

पत्नी : आणि असेल तर?

प्राध्यापक : तर माझी सव्वीस.

पत्नी : शुक्रवारी निवृत्त होताय. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणू का?

प्राध्यापक : म्हण. तो युक्तिवाद मी दुपारीच तपासला. टिकत नाही.

पत्नी : अहो, ओरडा तरी. काहीतरी आपटा. तुम्हाला काहीच होत नाहीये का?

प्राध्यापक : व्हायला हवं, एवढं समजतं. दाढ काढण्यापूर्वी गाल बधिर करतात, तसं आहे. बोट लावलं तर गाल आहे. माझा आहे, असं वाटत नाही.

पत्नी : चहावर साय धरली.

प्राध्यापक : असू दे. चष्मा सापडत नाही, तिला निरोप तूच लिही.

पत्नी : चष्मा कपाळावर आहे.

प्राध्यापक : तरी तूच लिही. 'उद्या दहाला ये. गुणक लावू नकोस. सही करतो.'

पत्नी : एवढंच?

प्राध्यापक : 'दोनदा परत पाठवला, ते माझं चुकलं.'

पत्नी : लिहिलं. पाठवू?

प्राध्यापक : थांब. शेवटचं वाक्य आधी घे.