बोलण्यात नापास

वेइक्को : लिही. तुम्ही खोटारडे आहात.

मारिसेल : एवढं सरळ? सरकारी कचेरी आहे ती.

वेइक्को : सरळच. ‘माणसांत मिसळा, फिनिश आपोआप येईल,’ हे तुमच्याच पत्रकात छापलंय. ही बाई माझ्यात मिसळली. दोन वर्षं, दर मंगळवारी, माझ्या स्वयंपाकघरात. आणि तिला बोलण्याच्या परीक्षेत शून्य?

मारिसेल : शून्य नाही, एक. नागरिकत्वाला तीन लागतात.

वेइक्को : विचारलं काय?

मारिसेल : कानाला यंत्र लावतात. आतला माणूस काहीतरी म्हणतो, मग आपल्याला वीस सेकंद, तेवढं रेकॉर्ड होतं. तो म्हणाला, आज हवा छान आहे. मी म्हटलं, आहे.

वेइक्को : बरोबर. पुढे?

मारिसेल : पुढे एकोणीस सेकंद उरले.

वेइक्को : हवेबद्दल आणखी काय बोलणार माणूस?

मारिसेल : तेच ना. आमच्या फिलिपिन्सला, सेबूत असते तर त्या यंत्राला पोराबाळांची नावं विचारली असती.

वेइक्को : म्हणजे मीच तुझं वाटोळं केलं. छत्तीस वर्षं एकट्याने लाकडाचा ट्रक हाकलेला घुमा म्हातारा, आणि ग्रंथालयात ‘संभाषण-सोबती’ म्हणून नाव देऊन आलो. कुणी हसलं कसं नाही?

मारिसेल : आज मात्र तुम्ही दोन वर्षांचं बोललात.

वेइक्को : राग आला की येते मला भाषा.

मारिसेल : शेवटी तो म्हणाला, माझा कुत्रा मेला.

वेइक्को : मग तू?

मारिसेल : गप्प बसले. वेळ संपेपर्यंत. वाटलं, हे तरी अचूक आलं.

(वेइक्को दोघांच्या कपांत कॉफी ओततो. बराच वेळ कोणी बोलत नाही.)

वेइक्को : बायकोला, आउनेला पुरून आलो, त्या मंगळवारी तू इथेच बसली होतीस.

मारिसेल : हो.

वेइक्को : पाद्री बोलला. मुलगी फोनवर बोलली. बँकेतली बाईसुद्धा बोलली. तू अंधार पडेस्तोवर नुसती बसलीस. ती गेल्यावर इतकं नीट फिनिश माझ्याशी कोणी बोललं नाही.

मारिसेल : हे लिहू?

वेइक्को : ते नको. त्यांच्या बापाला कळायचं नाही. लिही : ही नापास, तर मी एकाहत्तर वर्षं नापास. मलाही यंत्र लावा. आणि कुत्र्याचे ते वीस सेकंद तुम्ही नीट कान देऊन पुन्हा ऐकणार आहात की नाही? हो किंवा नाही, तेवढंच कळवा.